गाडीचा रंग नव्हे, तिचे पावसाळे तपासा

वरसे (रोहा), खास प्रतिनिधी

दसरा-दिवाळी जवळ आली की जुन्या मोटारींच्या चौकशीला जोर येतो. रोहा शहराला लागून असलेले वरसे गावही त्याला अपवाद नाही. शेजारी धाटावची औद्योगिक वसाहत, तेथे पाळीवर जाणारा कर्ता पुरुष किंवा स्त्री, घरात वृद्ध आई-वडील आणि शाळकरी मुले. अशा कुटुंबाला मोटार ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. रात्री-अपरात्री रुग्णाला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यावयाचे असो किंवा कोलाडला महामार्ग गाठून पनवेल-मुंबईकडे निघावयाचे असो, दाराशी स्वतःचे वाहन असल्याचा मोठा आधार वाटतो. नव्या गाडीची किंमत झेपत नाही, म्हणून अनेकांची पावले जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळतात. त्यात गैर काहीच नाही. नीट पारखून घेतलेली जुनी गाडी वर्षानुवर्षे उत्तम सेवा देते.

अडचण आहे ती पारखण्याच्या पद्धतीत. रंग चकचकीत दिसतो, वातानुकूलन यंत्र थंड हवा देते, मीटरवरचा आकडा कमी आहे, विकणारा माणूस ओळखीच्या ओळखीतला आहे, एवढ्या भांडवलावर बयाणा दिला जातो. अर्ध्या तासात व्यवहार उरकतो आणि त्याची किंमत पुढे कित्येक महिने मोजावी लागते. कधी ती पैशांत मोजली जाते, कधी एखाद्या वळणावर ब्रेक न लागल्याने जिवावर बेतते. कोकणातील ग्राहकाने तर गाडीबाबत पहिला प्रश्न वेगळाच विचारला पाहिजे. या गाडीने आजवरचे पावसाळे कोठे आणि कसे काढले?

पुरातून आलेली गाडी

रायगड जिल्ह्याला महापूर नवा नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यात हाहाकार उडवला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच पावसाने रोहा, नागोठणे आणि महाड परिसरालाही झोडपून काढले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक पुरात घरे-दुकानांबरोबर असंख्य मोटारीही बुडतात.

या बुडालेल्या गाड्यांचे पुढे काय होते, याचा विचार सहसा कोणी करत नाही. विमा पॉलिसीत गाडीची जी किंमत धरलेली असते, तिच्या ७५ टक्क्यांहून अधिक खर्च दुरुस्तीला येत असेल, तर विमा कंपनी सामान्यतः ती गाडी पूर्ण नुकसानीत काढते आणि मालकाला भरपाई देते. उरलेला सांगाडा लिलावात जातो. त्यातील काही गाड्या मोडीत निघतात, तर काही धुऊन-पुसून, नवे आसन-आवरण घालून पुन्हा बाजारात उभ्या राहतात. जिथे पूर आला त्या गावात त्या सहसा विकल्या जात नाहीत. दूरच्या जिल्ह्यात किंवा परराज्यात त्यांना गिऱ्हाईक शोधले जाते. आपल्याकडच्या ग्राहकाला सांगलीची किंवा चेन्नईची बुडालेली गाडी मिळू शकते, ती अशी.

पुराचे पाणी वाळते, पण त्याने केलेले नुकसान वाळत नाही. आजच्या मोटारीत इंजिनापासून एअरबॅगपर्यंत सर्व काही तारांच्या जाळ्यावर आणि छोट्या संगणकांवर चालते. त्यांच्या जोडण्यांमध्ये शिरलेला गाळ आणि ओल हळूहळू गंज धरते. गाडी घेतल्यावर चार-सहा महिन्यांनी कधी काच खाली होत नाही, कधी गाडी चालता चालता बंद पडते आणि दोष कोणालाच सापडत नाही.

ही ओल शोधण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत. चारही आसनांचे पट्टे शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढून पाहावेत. पट्ट्याचा जो भाग नेहमी आत गुंडाळलेला असतो, त्यावर मातकट डाग किंवा आडवी रेघ दिसली, तर गाडीत तेवढ्या उंचीपर्यंत पाणी होते असे खुशाल समजावे. पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलून खालचा पत्रा हाताने चाचपावा. डिकीतील स्टेपनी बाहेर काढून तिच्या खोबणीत गाळ, गंज किंवा साचलेले पाणी आहे का ते बघावे. आसने ज्या पट्ट्यांवर मागेपुढे सरकतात, त्यांचे बोल्ट गंजलेले असणे हे वाईट लक्षण आहे. दिव्यांच्या काचेआड बाष्प धरले असेल, डॅशबोर्डखालच्या फ्यूजपेटीत माती असेल, तर संशय बळावतो. काचा बंद करून दहा मिनिटे गाडीत बसावे. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास आला, अथवा तो लपविण्यासाठी सुगंधी द्रव्याचा मारा केलेला जाणवला, तर पुढे बोलणी करण्यात अर्थ नाही.

कागदांतूनही पुराचा माग लागतो. ज्याने वर्षभर विम्याचा दावा केलेला नाही, अशा मालकाला नूतनीकरणाच्या वेळी नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते. ती २० टक्क्यांपासून सुरू होते आणि ओळीने पाच वर्षे दावा नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जाते. विक्रेत्याकडून मागील काही वर्षांच्या विमा पॉलिसी मागून घ्याव्यात. एखाद्या वर्षी ही सवलत एकदम शून्यावर आली असेल, तर त्याआधीच्या वर्षी दावा झाला असण्याची शक्यता असते. तो कशासाठी होता, हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. नोंदणी कोणत्या जिल्ह्यातील आणि पूर कोणत्या वर्षीचा, हेही ताडून पाहता येते.

गंज, ठोकर आणि लांबी

पुरातून न गेलेल्या गाडीलाही आपल्याकडचे दमट हवामान सोडत नाही. मुरूड, रेवदंडा, अलिबाग अशा किनाऱ्यावरील गावांत वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा तळ खाऱ्या हवेने पोखरलेला असू शकतो. म्हणून गॅरेजच्या रॅम्पवर किंवा खड्ड्यावर नेऊन गाडी खालून पाहणे आवश्यक आहे. वरवरचा तांबूस थर फारसा गंभीर नसतो. परंतु स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकल्यावर पापुद्रे सुटत असतील, किंवा चाकांच्या आधाराचे भाग आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्या गंजलेल्या असतील, तर ती गाडी घेऊ नये. तळाला नुकताच काळा रंग फासलेला असल्यास तो कशासाठी फासला, याची चौकशी करावी.

ठोकलेली गाडी ओळखण्यासाठी दिवसाचा स्वच्छ उजेड हवा. संध्याकाळी, पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या ओल्या स्थितीत गाडी कधीही पाहू नये. पाण्याखाली रंगातील फरक झाकला जातो. बाजूने तिरपी नजर टाकली की पत्र्यावरील लाटा दिसतात. दोन दरवाजांमधील फट वर-खाली सारखी असावी. एक छोटा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवावा. ज्या ठिकाणी तो धरत नाही, तेथे पत्र्यावर जाड लांबी भरलेली असण्याची शक्यता असते. मात्र बंपर प्लॅस्टिकचे असतात आणि काही गाड्यांत इतर भागही, हे लक्षात ठेवावे. बॉनेट व दरवाजांच्या बिजागरींच्या बोल्टवरील रंग उडालेला असेल, तर तो भाग केव्हातरी उघडलेला आहे. साध्या ओरखड्याची दुरुस्ती हा दोष नव्हे. पण समोरच्या सांगाड्याच्या मुख्य पट्ट्या वाकून सरळ केलेल्या असतील, तर पुढच्या धडकेत त्या कितपत टिकतील याची शाश्वती नसते.

थंड इंजिन, मोकळा रस्ता

गाडी पाहावयास गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले, तर विक्रेत्याने आधीच इंजिन सुरू करून ठेवले आहे. खरा दोष थंड इंजिन सुरू करतानाच कळतो. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जाळत आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर पेट्रोल गाडीत कूलंट आत शिरत असण्याची शंका येते. ऑइलची पट्टी काढून पाहावी; तेल ताकासारखे दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र चुकूनही उघडू नये, उकळते पाणी अंगावर उडते.

मीटरवरच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नये, कारण तो मागे फिरवणे अवघड राहिलेले नाही. तीस हजार किलोमीटर चालल्याचे सांगितलेल्या गाडीच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगची कड तुळतुळीत आणि चालकाचे आसन दबलेले असेल, तर कोठेतरी पाणी मुरते आहे. अधिकृत सेवा केंद्रातील सर्व्हिसिंगच्या नोंदी तारखेनिशी पाहाव्यात.

टायरच्या कडेवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी शाबूत असली तरी बरीच वर्षे झालेल्या टायरचे रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी होते. नक्षीच्या खाचांत झिजेची खूण म्हणून छोटे उंचवटे असतात. ते सुमारे १.६ मिलिमीटर खोलीवर असतात. टायर तेथवर घासला असेल, तर चार नव्या टायरचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलावे. टायर एकाच बाजूने झिजला असल्यास चाकांच्या जोडणीत किंवा सांगाड्यात दोष असू शकतो.

त्यानंतर गाडी स्वतः चालवून पाहावी आणि शक्य तर ओळखीचा मेकॅनिक शेजारी बसवावा. रेडिओ बंद, काचा उघड्या. मोकळ्या, सरळ रस्त्यावर मागे वाहन नाही याची खात्री करून ताशी ४० किलोमीटर वेगावरून ब्रेक दाबावा. गाडी एका बाजूला ओढली जात असेल, पेडल खोल जात असेल किंवा दाबताना स्पंजसारखे लागत असेल, तर ब्रेकचे काम करणे भाग आहे. चढावर हातब्रेक ओढून गाडी जागच्या जागी थांबते का ते बघावे. वरच्या गिअरमध्ये वेग देताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे जात नाही, असे झाल्यास क्लच प्लेट संपत आली आहे. खड्ड्यांतून जाताना होणारा खडखडाट कानावेगळा करू नये.

कोणत्या वर्षाची गाडी?

सुरक्षिततेच्या दृष्टीने गाडीचे उत्पादनवर्ष फार महत्त्वाचे आहे. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर चाके घसरू नयेत यासाठी असलेली एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. चालकाची एअरबॅग, आसनपट्टा न लावल्यास वाजणारी घंटा आणि वेगमर्यादेचा इशारा १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाला. पुढे २०२१ मध्ये चालकाशेजारील प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची करण्यात आली. त्यामुळे २०१७ सालचे सर्वांत वरचे, झगमगीत मॉडेल आणि २०२० सालचे साधे मॉडेल यांतून एक निवडायचे झाल्यास, २०१७ च्या गाडीत ही साधने आहेत का, हे आधी पाहावे. ती नसतील, तर पावसाळी प्रदेशातील कुटुंबाने दुसरीकडे झुकावे.

साधन असणे आणि ते चालू असणे यांतही अंतर आहे. चावी फिरवताच डॅशबोर्डवर एअरबॅग व एबीएसचे दिवे उजळले पाहिजेत आणि काही सेकंदांत विझले पाहिजेत. दिवा विझत नसेल तर यंत्रणेत बिघाड आहे. तो मुळीच उजळत नसेल तर अधिक वाईट. कदाचित एअरबॅग अपघातात उघडून गेली असेल आणि ती न बसवता केवळ दिवा काढून टाकला असेल. मागच्या आसनाचे पट्टे आसन-आवरणाखाली गाडले गेलेले नाहीत ना, हेही बघावे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात महामार्गावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागे बसलेल्या प्रवाशांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते. महागडी गाडी असूनही पट्ट्याची उणीव भरून निघाली नाही, हे त्यातून दिसले.

पेणची फेरी चुकवू नका

गाडी पसंत पडली, पैसे दिले, चावी मिळाली. पुष्कळ व्यवहार येथेच थांबतात आणि खरा धोका येथूनच सुरू होतो. रायगड जिल्ह्याचे एमएच-०६ हे नोंदणी चिन्ह सांभाळणारे परिवहन कार्यालय पेण येथे आहे. मालकीची नोंद बदलेपर्यंत गाडी कायद्याच्या लेखी जुन्याच मालकाची राहते. अनेकदा हात बदललेल्या, परंतु नाव न बदललेल्या एका मोटारीच्या अपघात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच स्पष्ट केले. नोंदवहीत ज्याचे नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे विकणाऱ्याला गाडी गेली तरी घोर सुटत नाही, आणि घेणाऱ्याला अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात अडथळे येतात.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन बोजा उतरवावा लागतो. विमा पॉलिसीही १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यावी. दावा न केल्याची सवलत जुन्या मालकाकडेच राहते, ती गाडीसोबत येत नाही.

बयाणा देण्यापूर्वी केंद्र शासनाच्या वाहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अॅपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, कितवा मालक, बोजा व विम्याची मुदत पाहावी. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर थकीत ई-चलन आहे का, तेही तपासावे. सांगाड्यावर कोरलेला १७ अक्षर-अंकांचा चासी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. घासल्याच्या खुणा दिसल्या तर व्यवहार सोडावा. सीएनजी संच नंतर बसवला असेल, तर त्याची नोंद प्रमाणपत्रावर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी करावयाची दाबचाचणी झालेली हवी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली आहे का, तेही बघावे. दिल्ली किंवा अन्य राज्यांतील स्वस्त गाडीचा मोह पडला, तर तेथील ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि फेरनोंदणी यांचा खर्च आधी जोडून पाहावा.

व्यापाऱ्याकडून गाडी घेत असाल, तर त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र आहे का, हे विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना अशी नोंदणी करण्याचा नियम लागू झाला आहे. नाव नंतर करून देऊ, या आश्वासनावर पूर्ण रक्कम देऊ नये.

पहिला पावसाळा

गाडी दाराशी आल्यावर इंजिन ऑइल, गाळण्या, ब्रेक ऑइल आणि वायपरची रबरे लगेच बदलून घ्यावीत. मागच्या मालकाने ती केव्हा बदलली याचा भरवसा नसतो. या खर्चासाठी खरेदीच्या रकमेतूनच काही पैसे बाजूला ठेवलेले बरे.

त्यानंतर प्रश्न उरतो तो आपल्या चालविण्याचा. अनोळखी गाडीचा ब्रेक किती अंतरात लागतो, हे कळेपर्यंत पहिले काही दिवस वेग बेताचा ठेवावा. कोलाड-रोहा रस्त्यावर कारखान्यांकडे जाणारे अवजड टँकर असतात. पावसात त्यांच्या चाकांतून उडणाऱ्या तुषारांत समोरचे काही दिसत नाही. अशा वेळी ओलांडून जाण्याची घाई करू नये आणि पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर राखावे. रस्त्यावर पाण्याचा थर असताना वेग अधिक असेल, तर टायर जमिनीवरून उचलले जाऊन पाण्यावर तरंगू लागतात. स्टिअरिंग एकाएकी हलके लागले की तसे झाले असे समजावे. तेव्हा ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरावे.

भिसे खिंडीसारख्या उतारावर किंवा घाटात गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचविण्याची सवय घातक आहे. सतत ब्रेक दाबल्याने ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. उतारावर इंजिन बंद करणे तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला व स्टिअरिंगला मिळणारे यंत्राचे बळच नाहीसे होते. धुक्यात किंवा मुसळधार पावसात डिपर खाली ठेवावा.

शेवटची गोष्ट पुन्हा पाण्याचीच. कुंडलिका किंवा अंबा दुथडी भरून वाहत असताना पुलावरून पाणी जात असेल, तर गाडी घालू नये. वाहत्या पाण्याचा जोर गुडघाभर उंचीवरही मोटार ढकलू शकतो आणि खालचा रस्ता शाबूत आहे की नाही, हे वरून दिसत नाही. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतील दांडे वाकतात. आधी माणसांना बाहेर काढावे आणि गाडी ओढून गॅरेजला न्यावी. आणि पुढे कधी ती विकण्याची वेळ आली, तर घेणाऱ्याला या पाण्याची गोष्ट स्वतःहून सांगावी. आपण ज्या प्रश्नाचे खरे उत्तर मागत होतो, तेच उत्तर देण्याची पाळी त्या दिवशी आपल्यावर आलेली असेल.